नळी असली तरी वेशभूषा जरूर करा
पोटात नळी असताना वेशभूषेच्या पार्टीला जावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा! मला पेग नळी, म्हणजे पोटावरून थेट जठरात अन्न पोचवणारी नळी, बसवून तीन वर्षं झाली. गेल्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात मी वासुदेव झालो होतो. मोरपिसांची टोपी, घोळदार अंगरखा, हातात चिपळ्या. अंगरख्याच्या बाजूच्या शिवणीत बायकोने चार बोटं फट ठेवून टिचबटणं लावली, तिथून नळी सहज बाहेर निघते. शेला कमरेला न आवळता खांद्यावर घेतला, नाहीतर नळी ओढली जाते. फीडनंतर, म्हणजे नळीतून पातळ अन्न घेतल्यावर, नळीत पाणी सोडणं आणि अर्धा-पाऊण तास ताठ बसणं मात्र तिथेही चुकवू नका. पंगत बसली तेव्हा मीही सगळ्यांबरोबर बसून सिरिंजने फीड घेतलं. शेजारच्या काकूंनी तेवढा वेळ माझ्या चिपळ्या सांभाळल्या.