चष्मा आणि हूड: आणखी एक मुद्दा

फक्त उपकरणे पाहून विमान चालवण्याचा सराव करताना बाहेरचे दृश्य झाकायला हूड (कपाळावरचा झापडासारखा आडोसा) किंवा फॉगल्स (वरचा भाग धूसर असलेला चष्मा) वापरतात. नजरेच्या चष्म्यावर फॉगल्स चढवल्यावर कानामागे दुखते आणि हेडसेटमधून आवाज शिरतो, ही चष्मेवाल्यांची अडचण खरी आहे. दोन काड्या एकावर एक आल्या की हेडसेटची गादी कानाभोवती नीट टेकत नाही, आणि फट राहिली की इंजिनाचा आवाज आत येतो. अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या परवानगीसाठी) अशा उड्डाणाचे, प्रत्यक्ष ढगांतले किंवा दृश्य झाकून केलेले कृत्रिम मिळून, साधारणपणे ४० तास लागतात आणि त्यांतला मोठा भाग सहसा अशाच साधनाखाली जातो. तेव्हा ही गैरसोय किरकोळ समजू नये.

माझ्या मते चष्मेवाल्यांनी काड्या नसलेला, डोक्याभोवती पट्ट्याने बसणारा हूड आधी वापरून पाहावा. तो अवजड वाटतो खरा, पण चष्म्याला धक्का लावत नाही. दुसरा उपाय म्हणजे आपल्याच नंबरच्या जुन्या, बारीक काड्यांच्या चष्म्याच्या वरच्या भागावर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावणे. पट्टीची सीमा मात्र विमान जमिनीवर असताना, नेहमीच्या आसनावर बसून ठरवावी.

प्रोग्रेसिव्ह भिंगे (दूरचा ते जवळचा नंबर एकाच भिंगात असलेली) असतील तर अधिक जपावे. त्यांचा खालचा भाग वाचनाच्या अंतरासाठी असतो, तर विमानातले उपकरणांचे पॅनेल त्याहून दूर असते. मग काटे स्पष्ट दिसावेत म्हणून मान सतत वरखाली होते आणि वळणात असताना अशा हालचालीने दिशाभ्रम होऊ शकतो. पॅनेलचे अंतर मोजून त्यासाठी एकाच नंबरचा चष्मा करून घ्यावा. (सेफ्टी पायलटची, म्हणजे सरावात शेजारी बसून बाहेर लक्ष ठेवणाऱ्या वैमानिकाची, नजर मात्र बाहेरच हवी, तुमच्या चष्म्यावर नव्हे!)