चपट्या, पंख्यासारख्या नखांवर प्रेस-ऑन (चिकटवायची तयार नखं) टिकवायचे कसे? (बजेट ६०० रु.)

रानजाई:
पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, मेंदीपासून रिसेप्शनपर्यंत चार दिवस. माझी नखं चपटी. मुळाशी अरुंद, टोकाशी रुंद. दोन्ही अंगठ्यांची टोकं घसरगुंडीसारखी वर वळलेली. प्रेस-ऑन दुसऱ्याच दिवशी कडेने सुटतात. ग्लू पाकिटासोबत येतो तोच. पार्लर नको, बजेट सगळं मिळून ६००. काय चुकतंय?

सोनचाफा७:
प्रेस-ऑनच्या नादी लागूच नका. जेल एक्स्टेन्शन करून घ्या, अडीच हजारांत तीन आठवडे बघायला नको. मी कायम तेच करते.

खडूसकाकू:
६०० रुपये चार दिवसांच्या नखांना? पाच रुपयांची इन्स्टंट ग्लूची ट्यूब आणा. नेल ग्लू म्हणजे तेच, फक्त गुलाबी बाटलीत.

कानस:
ग्लूचा दोष नंतर बघू, आधी कमान बघा. बाजारातल्या बहुतेक पाकिटांतली नखं आडवी बरीच वळलेली असतात. चपट्या नखावर ती दाबली की कडा तेवढ्यापुरत्या पसरतात आणि बोट उचललं की स्प्रिंगसारख्या परत आत ओढल्या जातात. मग कडेला फट पडते, फटीत पाणी जातं आणि तिथूनच उकलायला सुरुवात होते.

उपाय: चहाइतक्या गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) प्रेस-ऑन नख १०-१५ सेकंद धरा, बोटांनी हलकं चपटं करा आणि तसंच धरून गार पाण्याखाली न्या. आकार धरतो. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय ग्लू लावू नका.

माप रुंद टोकावरून घ्या, मुळावरून नाही. मग प्रेस-ऑनची मुळाकडची जास्तीची रुंदी दोन्ही बाजूंनी १८० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा) कानशीने तासा. आणि स्वतःच्या नखाचे पसरलेले दोन कोपरेही कापून टाका, पंखा निम्मा तिथेच मिटतो. दोन मापांत अडकलात तर मोठं घ्या. लहान नख ओढून बसवलं की हमखास सुटतं.

मोगरा_पुणे:
+१, मोठं माप घ्या.
माझा अनुभव, बेस कोट लावून त्यावर चिकटवले तर जास्त टिकतात. सगळ्या व्हिडिओत तेच सांगतात.

कानस:
बेस कोटने खालचं नख वाचतं, पकड वाढत नाही. कोट नखावरून सुटला की वरचं सगळं त्याच्यासकट हातात येतं. आठवडाभर टिकवायचं असेल तर उघड्या नखावरच.

खडूसकाकू:
ग्लूबद्दल कोणी बोलतच नाही. दोन्ही सायनोॲक्रिलेटच (झटपट चिकटणारं रसायन) ना?

तिरफळ:
काकू, कूळ एक, पण घट्टपणा वेगळा. ट्यूबमधला पाण्यासारखा पातळ असतो, कातडीवर आणि क्युटिकलखाली (नखाच्या मुळाशी असते ती कातडीची कड) पळतो. सुकल्यावर ठिसूळ होतो, भांड्यावर नख आपटलं की तडकतो. ब्रश असलेला दाट नेल ग्लू घ्या. आणि कोणताही असो, सांडला तर कापसाने पुसू नका. कापसावर तो इतक्या झपाट्याने सुकतो की गरम होऊन चटका बसतो. हे पाकिटावर बारीक अक्षरात असतं, वाचतं कोण?

सोनचाफा७:
एवढी खटपट करण्यापेक्षा जेल. घरी करायचं तर ४८ वॅटचा लॅम्प आणि बिल्डर जेल घ्या, पुढेही उपयोगी पडेल.

नखरेल:
बजेट ६०० लिहिलंय हो वर.

तिरफळ:
घरी जेल करताना कातडीला लागलेलं कच्चं जेल हेच ॲलर्जीचं मोठं कारण. एकदा ॲक्रिलेटची ॲलर्जी झाली की ती सहसा जात नाही, आणि त्याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्येही असतात. युरोपियन युनियनमध्ये हेमा (HEMA, याच कुळातलं एक रसायन) असलेली नेल उत्पादनं फक्त व्यावसायिकांसाठी आहेत, आणि टीपीओ (TPO) हे लॅम्पखाली जेल घट्ट करणारं रसायन १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे बंद आहे.

सोनचाफा७:
आपल्याकडे चालतं सगळं. मला काही झालं नाही.

डबल_चहा:
अवांतर: नखं खोलगट असतील, म्हणजे वर पाण्याचा थेंब न सांडता बसत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. लोह कमी पडलं की नखं चमच्यासारखी होतात.

रानजाई:
लहानपणापासून अशीच आहेत, आईचीही अशीच. अंगठ्यांचं कोणी सांगेल का?

कानस:
अंगठे. वर वळण येतं ते बहुतेक बोटाबाहेरच्या टोकात. ते टोक जमेल तितकं कापा, वळण बरंचसं गेलेलं असेल. उरलेल्या पोकळीत ग्लू ओतून भरायला जाऊ नका, हीच चूक सगळे करतात. हा ग्लू हवेतल्या आणि नखातल्या ओलाव्याने सुकतो. पातळ थर लगेच धरतो, जाड थर आतून ओलाच राहतो. पोकळी भरायला सॉलिड जेल लागतं आणि त्याला लॅम्प. वर नख पारदर्शक हवं, नाहीतर प्रकाश आत पोचत नाही.

लांबी कमी ठेवा. बाहेरचा भाग बोटावरच्या नखाच्या निम्म्याहून जास्त नको. लांब टोक तरफेसारखं काम करतं, डब्याचं झाकण उघडताना मुळाशी उचकटतं.

आता तयारी, खरी गोम इथेच आहे. क्युटिकल मागे सारा आणि नखावर चिकटलेला पातळ पापुद्रा खरवडून काढा. तो राहिला तर ग्लू त्यालाच धरतो, नखाला नाही. बफरने फक्त चमक घालवा. मग ॲसिटोनने पुसा. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. हात पाण्यात भिजवून लगेच बसू नका. नख पाणी पिऊन फुगतं, सुकताना आक्रसतं आणि जोड ढिला होतो. नखावर एक थेंब, प्रेस-ऑनच्या आत पातळ थर. मुळाशी ४५ अंशात टेकवून टोकाकडे निजवत न्या म्हणजे हवा बाहेर जाते. ३०-४० सेकंद दाब, मग दोन्ही कडा चिमटीत. अंगठे सगळ्यात शेवटी, नाहीतर दाबणार कशाने? पुढे दोन तास पाणी नाही.

लिंबोणी:
हे सगळं मेंदी आणि हळद झाल्यावर! मेंदीवर साखर-लिंबू, मग नीलगिरीचं तेल, हळदीतही तेल. पांढरट नखं पिवळीधमक होतात ते वेगळंच. केसांना खोबरेल लावायलाही दुसऱ्या कोणाला तरी सांगा.

मोगरा_पुणे:
हात भिजवून बसू नका, हे महत्त्वाचं. (वर आलंय का?)

नखरेल:
काढताना उपटू नका. कोमट पाणी, साबण, थोडं तेल, १५ मिनिटं. मग कडेने लाकडी काडी. खाली ओल राहून नख हिरवट दिसलं तर पुन्हा लावायचं नाही, डॉक्टरांना दाखवा.

खडूसकाकू:
भाकरी कोण थापणार त्या नखांनी, हेही लिहा कोणीतरी.

रानजाई:
सगळ्यांचे आभार, वाखू (वाचनखूण) साठवली. ठरलं असं: ग्लू नाहीच. चिकट टॅबवर आखूड नखं, फक्त मुहूर्ताला आणि रिसेप्शनला, जेवणाआधी काढून डबीत. अंगठ्यांना त्याच रंगाचं साधं नेलपेंट. १८० ची कानस आणि ॲसिटोन धरून ४२० झाले.

सोनचाफा७:
टॅब घामाने सुटतात, सांगून ठेवते.

कानस:
सुटतातच. पण ठरवलंच आहे तर टॅब मुळाकडे कातरून घ्या. तुमचं नख तिथे अरुंद आहे, टॅब बाहेर डोकावला की त्यात केस अडकतो आणि पहिला तोच सुटतो. कमान गरम पाण्याने चपटी कराच, टॅबला तर ते ग्लूपेक्षाही जास्त लागतं. आणि पर्समध्ये सुटे दहा टॅब.