सहा कोटी डॉलर मिळतात, म्हणून क्वार्टरबॅकने दुखणे बोलूनही दाखवायचे नाही?

इंडियानाकर

गेल्या आठवड्यात 'पंधरा यार्ड' यांनी येथे जो लेख लिहिला, तो वाचल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून हा वेगळा धागा काढत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू) हा जगातील सर्वांत लाडावलेला खेळाडू आहे. डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याला वर्षाला सरासरी सहा कोटी डॉलर मिळतात, अंगाला जरा धक्का लागला की रेफरी नियमभंगाचे पिवळे फडके टाकतो, आणि एवढे असूनही या मंडळींच्या मानसिक ताणाच्या कहाण्या आपण ऐकून घ्यायच्या. इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक ॲन्ड्र्यू लक याने २०१९ मध्ये हंगाम तोंडावर आला असताना निवृत्ती घेतली, तिला त्यांनी सरळ 'दगाबाजी' म्हटले आहे.

या शेवटच्या शब्दाने मला फार त्रास झाला, कारण २४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री मी कोल्ट्सच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होतो. शिकागो बेअर्सविरुद्ध हंगामापूर्वीचा सराव सामना चालू होता. लकच्या निवृत्तीची बातमी त्याने स्वतः सांगण्याआधीच लोकांच्या फोनवर आली, आणि तो बाजूच्या रेषेवर उभा असतानाच ती मैदानभर पसरली. सामना संपून तो आत जाऊ लागला, तेव्हा ज्यांच्या अंगावर त्याच्याच १२ क्रमांकाच्या जर्सी होत्या, त्यांनी त्याची हुर्यो उडवली. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ आपल्या लहान मुलाला खांद्यावर घेऊन ओरडत होते. लक तेव्हा २९ वर्षांचा होता. बरगडीजवळची फाटलेली कूर्चा, पोटाचा फाटलेला स्नायू, लघवीतून रक्त जाईपर्यंत इजा झालेले मूत्रपिंड, मेंदूला बसलेला हादरा, खांद्याची शस्त्रक्रिया आणि त्यापायी पूर्ण वाया गेलेला २०१७ चा हंगाम, एवढे सगळे सोसून झाल्यावर पोटरी आणि घोट्याचे दुखणे सुरू झाले होते. दुखापत, वेदना आणि उपचार यांच्या फेऱ्यातून आपल्याला बाहेर पडायचे आहे, असे त्याने त्याच रात्री पत्रकारांना सांगितले, आणि त्या हुर्योने दुःख झाल्याचेही लपवले नाही.

आता 'लाडावलेला' या विशेषणाकडे वळतो. एक खेळी संपली की पुढची सुरू करायला ४० सेकंद मिळतात. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमध्ये येतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा. दहा-बारा शब्दांचे खेळीचे नाव सहकाऱ्यांना बिनचूक सांगायचे, समोरचे बचावपटू कुठे उभे आहेत ते पाहून गरज पडल्यास सगळा बेत तिथल्या तिथे बदलायचा, आणि चेंडू हातात आल्यावर सुमारे अडीच-तीन सेकंदांत तो सोडायचा. त्या वेळी सव्वाशे किलोची माणसे अंगावर धावून येत असतात आणि याने त्यांच्याकडे पाहायचेच नसते. नजर दूर, आपल्या धावणाऱ्या साथीदारांवर ठेवायची असते. फेकतेवेळी बरगड्या उघड्या पडतात, आणि फटका नेमका तिथेच बसतो. पैसा भरपूर मिळतो हे मान्य आहे, पण पैशाने बरगडी जाड होत नाही.

पंधरा यार्ड

आपण माझे मत मांडलेत, पण त्यामागची कारणे वगळलीत, म्हणून ती पुन्हा सांगतो. ७ सप्टेंबर २००८ रोजी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा गुडघा फाटला आणि पुढच्या वर्षी नियम बदलला, की जमिनीवर पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घ्यायची नाही. २०१७ मध्ये बचावपटू ॲन्थनी बारने पाडल्यावर क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सचे गळ्याजवळचे हाड (कॉलरबोन) मोडले आणि पुढच्या वर्षी सांगण्यात आले, की क्वार्टरबॅकला पाडताना स्वतःचे वजन त्याच्यावर टाकायचे नाही. त्याच २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मायामीचा बचावपटू विल्यम हेज क्वार्टरबॅक डेरेक कारला पाडताना आपले वजन त्याच्या अंगावर पडू नये म्हणून वळला आणि स्वतःच्या गुडघ्याचा लिगामेंट फाडून घेऊन हंगामाला मुकला. त्याच्यासाठी कोणता नियम बदलला? हेजचे नाव या संकेतस्थळावर मी सोडून कोणी कधी घेतले आहे का?

माझा राग क्वार्टरबॅकवर नाही, तर सगळी सहानुभूती एकाच जागेवर ओतली जाते यावर आहे. प्रत्येक खेळीला डोक्यावर डोके आपटते ते लाइनमनचे, म्हणजे पुढच्या फळीत समोरासमोर भिडणाऱ्यांचे. बॉस्टन विद्यापीठाने २०१७ मध्ये एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले; ११० मध्ये सीटीई (डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा मेंदूविकार) आढळला आणि त्यांत सर्वांत मोठा गट लाइनमनचा होता. त्यांना सहा कोटी मिळत नाहीत, आणि त्यांच्या नावाच्या जर्सीही फारशा खपत नाहीत.

लकबद्दल म्हणाल, तर क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथकडे पाहा. १८ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच्या पायाची दोन्ही हाडे मोडली, जखमेत जंतुसंसर्ग होऊन जीव जायची वेळ आली, १७ शस्त्रक्रिया झाल्या, आणि तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. त्याला मी मानतो.

मज्जातंतू

मी मेंदूविकारांच्या रुग्णालयात काम करते, म्हणून एवढेच नोंदवते, की ते १११ मेंदू दान केलेले होते. ज्या कुटुंबांना जिवंतपणीच लक्षणे दिसली होती, त्यांनी ते प्रामुख्याने दिले. सगळ्या खेळाडूंत हेच प्रमाण असते, असा अर्थ त्यातून निघत नाही. लाइनमनला वारंवार बसणारे छोटे धक्के अधिक घातक ठरत असावेत, या आपल्या मुद्द्याशी मी सहमत आहे. परंतु क्वार्टरबॅक त्यातून सुटला, असे मात्र नाही. ओकलंड रेडर्सचा केन स्टेबलर २०१५ मध्ये वारला आणि त्याच्या मेंदूत बराच पुढे गेलेला सीटीई सापडला. स्टीव्ह यंगची कारकीर्द १९९९ मधील एका आघाताने संपली.

आणि ॲलेक्स स्मिथच्या १७ शस्त्रक्रिया आपण शौर्याची मोजपट्टी म्हणून वापरता, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. त्याने परत यावे हा त्याचा निर्णय होता आणि तो त्याला शोभला. पण म्हणून लकनेही १७ होईपर्यंत थांबायला हवे होते काय?

अटलांटाकर

'लाडावलेला' हा शब्द वाचून मला विचारावेसे वाटते, की नेमका कोण लाडावलेला? क्वार्टरबॅक वॉरन मून १९७८ मध्ये रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी एनएफएलच्या एकाही संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतले नाही, कारण कृष्णवर्णीय मुलाने क्वार्टरबॅक सोडून दुसऱ्या जागी खेळावे, अशी अपेक्षा होती. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग ५ ग्रे कप (तिथल्या लीगचे विजेतेपद) जिंकला, आणि १९८४ मध्ये एनएफएलच्या ह्यूस्टन संघाने त्याला बोलावले. हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणेल, तर २०१८ मध्ये लमार जॅक्सन या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) व्हावे, असा सल्ला जाणकार म्हणवणारे लोक उघडपणे देत होते. पुढच्याच वर्षी तो एकमताने एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू, झाला. क्वार्टरबॅकच्या आयुष्यातील अडचणींची चर्चा करता आणि यावर कोणी एक ओळ लिहीत नाही, याचे मला नवल वाटते.

पंधरा यार्ड

अटलांटाकर, आपला मुद्दा खरा आहे आणि गंभीरही आहे, परंतु तो माझ्या लेखाचे खंडन करत नाही. मी आजच्या नियमांबद्दल आणि आजच्या करारांबद्दल लिहिले होते. प्रत्येक धाग्यावर आपण हाच विषय आणता, त्यामुळे मूळ प्रश्न मागे पडतो.

अटलांटाकर

प्रत्येक धाग्यावर आणतो, कारण प्रत्येक धाग्यावर तो वगळला जातो. आपल्याला कंटाळा आला असेल, तर वाचू नका.

इंडियानाकर

आजच्या करारांबद्दलच बोलू. ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू. २०२३ च्या हंगामात त्याने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले, तेव्हा त्याचा वर्षाचा पगार दहा लाख डॉलरही नव्हता. त्याच्या आदल्या हंगामात, २९ जानेवारी २०२३ रोजी, फिलाडेल्फियाविरुद्ध त्याच्या कोपराचा लिगामेंट फाटला. त्याच्या जागी जॉश जॉन्सन आला, जो तोवर डझनाहून अधिक संघ फिरून आलेला होता. त्यालाही मेंदूचा हादरा बसला, आणि ज्याला चेंडू लांब फेकताच येत नव्हता, त्या पर्डीला पुन्हा मैदानात उभे राहावे लागले. जॉन्सनसारखी माणसे दर वर्षी बिऱ्हाड पाठीवर घेऊन नव्या गावी जातात, नवे प्लेबुक (संघाच्या खेळींची वही) पाठ करतात आणि बहुतेक वेळा बाजूच्या रेषेवर बसून राहतात. सहा कोटींचा आकडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या काही जणांचा आहे. त्यावरून सगळ्या क्वार्टरबॅकांचा न्याय करू नका.

डॅलसची आई

मी येथे सहसा वाचते, लिहीत नाही, आज लिहिते. आमचा मुलगा शाळेच्या संघाचा क्वार्टरबॅक होता. टेक्सासमध्ये शुक्रवारी रात्री सगळे गाव मैदानावर असते, आणि सोळा वर्षांच्या मुलाला किराणा दुकानातले लोकही नावाने ओळखतात. एका सामन्यात तो पाठीवर पडला आणि त्याचे डोके जमिनीवर आपटले. उठला, पुढची खेळी खेळला, सामना जिंकला. शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि त्याने काही न बोलता आधी दिवा बंद केला. पोह्यांची बशी पुढे ठेवली, तर त्याला वास सहन होईना. सामन्याचा दुसरा अर्धा भाग त्याला आठवत नव्हता, आणि ते लपवण्यासाठी तो त्याच्या वडिलांनाच उलट प्रश्न विचारत होता. मी डॉक्टरांकडे नेते म्हटल्यावर तो रडला. दुखते म्हणून नव्हे, तर दुसरा मुलगा त्याची जागा घ्यायला तयार होता म्हणून. प्रशिक्षकांना फोन केला, तर ते म्हणाले, "तो खंबीर मुलगा आहे, सोमवारी बघू." आम्ही सोमवारपर्यंत थांबलो नाही.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या काही जणांनी मला ऐकवले, की मुळात असला खेळ खेळू द्यायचाच कशाला. त्यांना मी तेव्हा जे सांगितले, तेच येथे सांगते. त्या मुलाने अकरा जणांना धीर द्यायला शिकून घेतले, आणि ते मला मोलाचे वाटते. मात्र आपण ठीक आहोत की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे, ही पद्धत चुकीची आहे. तो खोटेच बोलणार.

मज्जातंतू

ताई, आपण योग्य केले, आणि मुख्य प्रश्न आपणच मांडलात. हेच अगदी वरच्या पातळीवर मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ याच्या बाबतीत सगळ्या जगाने पाहिले. २५ सप्टेंबर २०२२ रोजी बफेलोविरुद्ध त्याचे डोके आपटले, तो उठून चालू लागला आणि लडखडला. तपासणी झाली, कारण पाठदुखीचे देण्यात आले आणि तो परत आला. चारच दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा आपटला, तेव्हा चेहऱ्यासमोर ताठ झालेली त्याची बोटे ज्याने पाहिली, तो ती विसरणार नाही. त्यानंतर खेळाडूंच्या संघटनेने पहिल्या सामन्यातील स्वतंत्र मेंदूतज्ज्ञाला काढले, आणि ऑक्टोबरमध्ये नियम आला, की तोल गेल्याचे दिसले तर कारण काहीही असो, खेळाडू त्या दिवशी परतणार नाही.

पंधरा यार्ड

म्हणजे पुन्हा एकदा नियम क्वार्टरबॅकमुळेच बदलला. लाइनमन लडखडला असता, तर कॅमेरा त्याच्यावर असता का?

मज्जातंतू

नसता. पण बदललेला नियम लाइनमनलाही लागू आहे, हे आपण का सोडता?

पंधरा यार्ड

ठीक आहे, तेवढे मान्य करतो. परंतु आता उत्तर द्या. टुआने त्यानंतर जमिनीवर कसे पडावे हे शिकण्यासाठी जिउजित्सू या कुस्तीच्या प्रकाराचे धडे घेतले, २०२३ मध्ये सगळे १७ सामने खेळला, २०२४ मध्ये २१ कोटींहून अधिक डॉलरचा करार केला, आणि त्याच सप्टेंबरमध्ये त्याला पुन्हा हादरा बसला. अनेकांनी त्याला निवृत्त व्हायला सांगितले, तरी तो परत आला. लक थांबला, तर तो त्याचा हक्क. टुआ थांबला नाही, तर तुम्ही म्हणणार की निर्णय त्याच्या हाती नको. दोन्ही एकाच वेळी कसे चालेल?

इंडियानाकर

चालते, कारण त्या दोन वेगळ्या वेळा आहेत. लकने निर्णय घेतला तो महिनोन्‌महिने विचार करून, शुद्धीत आणि घरच्यांशी बोलून. डोके आपटल्यानंतरच्या दहा मिनिटांत, साठ हजार लोक ओरडत असताना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हा निर्णय नसतो. थांबणाऱ्याला कोणी अडवू नये, आणि नुकताच आपटलेल्याला कोणी विचारू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

डॅलसची आई

आणि थांबणाऱ्याची हुर्यो उडवू नये. आमचा मुलगा ती लकची चित्रफीत अनेकदा पाहत असे. आपटल्यावर गप्प का राहिला, असे मी त्याला विचारले, तेव्हा त्याने तीच पुढे केली होती.

पंधरा यार्ड

ताई, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटले. 'दगाबाजी' हा शब्द माझ्या लेखातून मी आज काढतो, पण बाकीचा लेख तसाच राहील. लकच्या बाबतीत संघाने जवळपास अडीच कोटी डॉलर परत मागण्याचा हक्क सोडला, हेही कोणीतरी नोंदवायला हवे होते. विल्यम हेजला असा मोठेपणा कोणी दाखवला असता, असे मला वाटत नाही.

इंडियानाकर

शब्द काढलात, बरे केलेत. अडीच कोटींची नोंद रास्त आहे; ती मी करायला हवी होती, असे मात्र मला वाटत नाही, कारण हुर्यो उडवणाऱ्यांना त्या रात्री ते ठाऊक नव्हते, आणि असते तर ते अधिकच चिडले असते. हेजवर आपण स्वतंत्र धागा काढा. मी तेथे आपल्या बाजूने लिहीन.