मदत हवी आहे : कांदा लिलावावर ऑडिओ बातमीपत्र

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये पत्रकारिता शिकतेय. 'पेपरचे दिवस गेले, कशाला या फंदात पडतेस?' असं सगळे म्हणतात. मला उलट वाटतं. छपाईचा खर्च न झेपणाऱ्यालाही आता बातमी देता येते. (सकाळी छापील पेपर मला लागतोच, ते वेगळं!)

लासलगाव, पिंपळगावच्या लिलावांवर व्हॉट्सअ‍ॅपवरून छोटं ऑडिओ बातमीपत्र काढायचंय. नुसते भाव नकोत. ऑगस्ट 2023 मध्ये कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं आणि इथले लिलाव बंद पडले, त्यामागचं कारण शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगायचंय.

बाजार समितीच्या आवारात रेकॉर्डिंगची परवानगी सचिवांकडे मागायची का? व्यापारी निवांत कधी भेटतात? आणि ब्रॉडकास्ट लिस्ट बरी की चॅनल?