मदत हवी आहे : ज्येष्ठांच्या वसाहतीतला जुना फ्लॅट घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. बाबा ७४ वर्षांचे, आई ६९ची. घराचा जिना आता दोघांनाही झेपत नाही, म्हणून म्हापशाजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत रीसेलचा फ्लॅट पाहिला. तळमजला, न्हाणीघरात आधाराचे दांडे, आवारातच जेवणाची सोय. आईला तुळशीसाठी अंगणाचा तुकडा मिळतोय, त्यावर ती खूश आहे.

पण अडचण कागदांची. मूळ मालक गोव्याचेच, गेल्या वर्षी वारले. बायको हयात आहे, मुलगे परदेशात. एजंट म्हणतो, "बाईंची सही पुरे." मला ते पटत नाही. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात निम्मा वाटा पत्नीचा असला तरी उरलेल्या निम्म्यात मुलांचा हक्क येतो, आणि मुलगे विवाहित असतील तर सुनांच्याही सह्या लागतात ना? वारसाहक्काचा दस्त नोटरीकडे झाला की पुरतं, की कोर्टात इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी) करावीच लागते? मुलगे अनिवासी असल्याने टीडीएसही (खरेदीदाराने किमतीतून कापून भरायचा कर) नेहमीचा १ टक्का नसेल, तो कसा भरलात?

दुसरं म्हणजे देखभाल शुल्क आणि ट्रान्स्फर फी. आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाच्या माथी येते का? दोघांपैकी एक मागे राहिला तर त्याला राहू देतात ना? हे करारात लेखी मागावं, असं मला वाटतं.

घर उन्हाळ्यात पाहिलंय. पश्चिमेच्या भिंतीला ताजा रंग दिसला, त्यामुळे ओल लपवली असेल का, ही धास्ती आहे. जुलैत पुन्हा बघून मगच बयाणा द्यावा का? ज्यांनी असा व्यवहार केलाय त्यांनी कृपया सांगा.