अपेक्षा शून्य, पैसे वसूल : मारधाडीचे रिमेक आणि तुमचे अनुभव

गायमुखचा वळसा

मंडळी, धागा काढायचं कारण म्हणजे रोड हाउस. 2024 चा, प्राइमवरचा. 1989 चा पॅट्रिक स्वेझीवाला माझ्या अगदी जिव्हाळ्याचा, त्यामुळे नवा काढलाय म्हटल्यावर कपाळावर आठी पडलेली. त्या दिवशी घोडबंदरला ट्रॅफिकने जीव नकोसा केला होता, घरी आलो, ताट वाढून घेतलं आणि जेवताना काहीतरी समोर हवं म्हणून हा लावला. हात ताटातच सुकला राव.

स्टोरी काय, एक बार आहे, एका श्रीमंत बापाच्या पोराला तिथे रिसॉर्ट बांधायचंय आणि बारवाली जागा सोडत नाही. ठाण्यात राहणाऱ्याला यात नवीन काय! पण सुरुवातीलाच बारबाहेर गुंडांची टोळी उभी राहते आणि जेक जिलनहॉल मारामारीच्या आधी एकदम शांतपणे विचारतो की तुमचा इन्शुरन्स आहे का, जवळ हॉस्पिटल आहे का. मग सगळ्यांना बुकलतो आणि स्वतःच गाडीत घालून हॉस्पिटलला पोचवतो. स्वेझीचा डाल्टन फिलॉसॉफी शिकलेला होता, हा आधीचा यूएफसी फायटर, म्हणजे पिंजऱ्यातल्या मारामारीच्या स्पर्धांतला, पण आतली ती सभ्यता तशीच ठेवलीय, आणि तिथेच मी पाघळलो. नंतर खराखुरा यूएफसी फायटर कॉनर मॅकग्रेगर येतो, पहिलाच सिनेमा त्याचा, आणि तो आल्यावर जी तोडफोड सुरू होते ती शेवटपर्यंत थांबत नाही.

तर असे सिनेमे सांगा. मूळ माहीत होता किंवा लोकांनी नावं ठेवली होती, हाणामारी भरपूर, डोक्याला ताप नाही, आणि तरी मनापासून आवडला. का आवडला ते नीट लिहा, नुसतं भारी होता नको.

मुक्काम ऐरोली

वाँटेड, 2009, दुसरं काही डोक्यात येतच नाही.

मी तेव्हा रबाळेला कंपनीत होतो आणि आमच्या शिफ्टला एक आंध्रचा मित्र होता, त्याने कँटीनमध्ये वाँटेडच्या मूळ तेलुगू सिनेमाची, पोकिरीची, अख्खी गोष्ट सांगून ठेवलेली, शेवटी हिरो कोण निघतो त्यासकट. आता सस्पेन्सच गेला म्हटल्यावर जायचं कशाला, पण सगळी गँग निघाली म्हणून गेलो, आणि हा पठ्ठ्या माझ्या शेजारच्या सीटवर बसून प्रत्येक फाइटच्या आधी माझा दंड दाबायचा, आता बघ आता बघ म्हणून, आणि खरं सांगतो मला आधीपासून माहीत होतं त्याचाच जास्त फायदा झाला कारण गोष्टीकडे लक्ष द्यायची गरजच उरली नाही, सलमान दार उघडून आत कसा येतो, पहिला फटका पडायच्या आधी किती वेळ थांबवून ठेवलंय, हेच बघत बसलो. प्रभुदेवाने हाच सिनेमा 2007 ला तमिळमध्ये विजयला घेऊन केला होता. म्हणजे हिंदी करताना कुठे शिट्टी पडणार ते त्याला पाठ होतं.

आणि प्रकाश राज! 2006 च्या तेलुगू पोकिरीत व्हिलन तोच, तमिळमध्ये तोच, हिंदीत गनीभाई तोच. एकच माणूस तीन भाषांत तीन हिरोंचा मार खातो आणि तरी प्रत्येक वेळी त्याला बघायलाच लोक येतात, मला तर हे फार मोठं काम वाटतं. वर आपले महेश मांजरेकर, तो तळपदे इन्स्पेक्टर इतका नालायक केलाय की थिएटरात बायामाणसंसुद्धा मोठ्याने शिव्या देत होती.

नौपाड्यातली

@ऐरोली, प्रकाश राजबद्दल अगदी अगदी. मूळ तमिळ सिंगम 2010 चा आणि आपला हिंदी 2011 चा सिंघम, दोन्हीकडे तोच आहे.

माझा मात्र अग्निपथ, 2012 चा. अमिताभचा 1990 चा आमच्या घरी देवासारखा, बाबांनी तर नव्याचं नाव काढू नका असंच सांगितलेलं. मी आणि वहिनी गेलो ते अजय-अतुलसाठी. गणपतीचं गाणं मोठ्या पडद्यावर ऐकायचं, बास, बाकी काही नको.

पण संजय दत्त. टक्कल, भुवया नाहीत, आरसा दिसला की बिथरतो. जुन्यातला व्हिलन कांचा, म्हणजे डॅनी, सूटबूटवाला देखणा होता, त्याच्याशी याचं काहीच जमत नाही आणि तेच बरं झालं, कारण नक्कल नाही वाटत. ऋषी कपूरचा रौफ लाला तर जुन्यात नव्हताच. ज्या माणसाला आयुष्यभर स्वेटर घालून नाचताना बघितलं त्याची भीती वाटायला लागली की ओ मला! मारामारी खूप आहे, रक्त खूप आहे, वहिनीने शेवटची पंधरा-वीस मिनिटं ओढणी तोंडावर धरली होती पण एका डोळ्याने बघत होती. मांडवा आपल्याला गेटवेहून लाँचने जायचं ठिकाण, यातलं दीवला शूट केलेलं आहे, काळं आणि भकास, आणि हृतिक तिथे परत येतो तेव्हा आमच्या अख्ख्या रांगेत कोणी पॉपकॉर्नला हात लावत नव्हतं.

खारघर टेकडी

राउडी राठोड. मूळ राजामौलींचा विक्रमार्कुडु, रवी तेजाचा, 2006. अक्षय डबल रोलमध्ये. मेगाब्लॉकच्या रविवारी कुठेच जाता येत नव्हतं, टीव्हीवर लागला, तिन्ही पिढ्या सोफ्यावर. आजोबांना कमी ऐकू येतं, त्यांनाही सगळा कळला. एवढंच.

कळवा खाडी

रॉकी हँडसम कोणी लिहिला नाही म्हणून लिहितेय, आणि थोडं लांबेल.

2016 चा. मूळ कोरियन, द मॅन फ्रॉम नोव्हेअर, 2010. रिव्ह्यू वाईट होते, ऑफिसात मूळ बघितलेली दोन मुलं होती ती तर कानाला हात लावत होती. मी गेले कारण दिग्दर्शक निशिकांत कामत. ज्या माणसाने डोंबिवली फास्ट केला त्याचं काहीही आलं की मी जायचे. फोर्स पण त्यांचाच, तोही रिमेक, तमिळ काखा काखाचा, आणि विद्युत जामवालला हिंदीत पहिल्यांदा तिथे बघितला.

गोष्ट सरळ आहे, शेजारच्या लहान मुलीला पळवतात आणि एकटा राहणारा, कोणाशी न बोलणारा जॉन अब्राहम तिला शोधायला निघतो. जॉन बोलत नाही हेच सिनेमाचं बळ आहे असं माझं मत. शेवटची चाकूची फाइट बघा. दोघं इतके जवळ उभे आहेत की हात लांब करायला जागा नाही, मनगट पकडायचं, सोडवायचं, परत पकडायचं, आणि म्युझिकपेक्षा चाकूचा आणि श्वासाचा आवाज जास्त. कोण कुठे उभा आहे, घाव कुठे बसला, सगळं दिसतं. हल्लीच्या कित्येक सिनेमांत कॅमेरा इतका हलवतात की कोण कोणाला मारतंय कळत नाही, त्यामुळे मला हे फार महत्त्वाचं वाटतं. फाइट समजली पाहिजे हो, नाहीतर ते नुसतं गोंधळ घालणं झालं.

आणि व्हिलन स्वतः कामतच आहेत. केविन परेरा. दिग्दर्शन करायचं आणि पडद्यावर इतकं हिडीसही दिसायचं. 2020 मध्ये ते गेले तेव्हा सगळ्यांनी दृश्यम आणि डोंबिवली फास्टबद्दल लिहिलं, ते बरोबरच आहे, पण मी त्या रात्री रॉकी हँडसम लावला होता.

वाशी सेक्टर नऊ

सगळे वाचतेय, छान लिहिताय, फक्त एक सांगावंसं वाटतं. घरी टीव्हीवर लावताना मुलं कुठे आहेत ते बघा. आता सेन्सॉरच्या यूए सर्टिफिकेटमध्ये 7+, 13+, 16+ असे वेगळे गट केलेत, ते बघून ठरवता येतं. मोठ्यांना ही हाणामारी म्हणजे खेळ आहे हे कळतं, आठ वर्षांच्या पोराला नाही कळत. माझा स्वतःचा आवडता सिंघमच आहे, तरी मी मुलाला अजून दाखवलेला नाही.

पोलीस लाइन, ठाणे

@वाशी, सिंघमवरून लिहितो. माझे वडील हवालदार होते, रिटायर झाले. घरी पोलिसांचे पिक्चर बघायचेच नाहीत असा नियम, कारण त्यांना सगळं खोटं वाटायचं आणि चॅनल बदलायला लावायचे. सिंघम हवेत गाड्या उडवणारा, तेव्हा तर प्रश्नच नव्हता. पण त्यात अशोक सराफ हेड कॉन्स्टेबल आहेत ना, ते दिसले म्हणून वडील थांबले. मग सुरुवातीला ज्या इन्स्पेक्टरवर खोटा आळ येतो आणि तो जीव देतो, त्याची बायको, सोनाली कुलकर्णी, न्याय मागत फिरते, ते सगळं त्यांनी एक शब्द न बोलता बघितलं. शेवटच्या राड्याला, जिथे अख्खं पोलीस खातं एकत्र येऊन व्हिलन शिक्रेच्या, म्हणजे प्रकाश राजच्या, मागे लागतं, ते खुर्चीच्या टोकावर आले होते. संपल्यावर म्हणाले, असं होत नाही रे, पण व्हायला पाहिजे होतं. उठून पाणी प्यायले आणि मला विचारलं परत कधी लागणार आहे.

गायमुखचा वळसा

वा, काय लिहिलंय एकेकाने. @कळवा, मी दोन्ही बघितलेले नाहीत. कोरियन आधी बघू की रॉकी हँडसम?

कळवा खाडी

रॉकी हँडसम आधी, आणि शक्यतो हेडफोन लावून. कोरियन नंतर दुसऱ्या दिवशी, सबटायटल वाचायला डोकं ताजं लागतं.