सी विंगखालचा तेलाचा डाग आणि आपली विहीर (सोसायटीच्या ग्रुपवरून)

माई (बी-२०१), सकाळी ७.१०
सर्व सभासदांना नमस्कार. सी विंगखाली पुन्हा काळ्या तेलाचा डाग पडला आहे आणि रात्रीच्या पावसाने त्याचा तवंग विहिरीच्या कठड्यापर्यंत पोहोचला आहे. गाडी कोणाची हे लिहिण्याची गरज नाही. एप्रिलमध्ये टँकर मिळेनासा झाला की हीच विहीर सर्वांना आठवते, एवढे कृपया ध्यानात ठेवावे.

दादा (सी-३०१), ७.२५
माई, आदर राखून सांगतो की गेल्या वर्षीचे तेल माझ्या गाडीचे नव्हते आणि ते तेव्हाच स्पष्ट झाले होते. या वेळी थेंब माझ्या गाडीखाली आहेत, परंतु गेल्याच आठवड्यात सर्व्हिसिंग झाले, तेल व फिल्टर दोन्ही बदलल्याचे बिल माझ्याकडे आहे. हल्ली फिल्टरची झाकणेसुद्धा प्लास्टिकची करतात, त्याला मी काय करणार?

अण्णा (ए-१०२), ७.४०
एसटीच्या कार्यशाळेत उभी हयात गेली म्हणून लिहितो. पूर्वी लोखंडी भांड्यात एलिमेंट, म्हणजे तेल गाळणारा आतला भाग, बसत असे. मधला बोल्ट सोडवून भांडे खाली घ्यायचे, डिझेलने धुवायचे, नवा एलिमेंट आणि नवा वायसर घालून परत चढवायचे, असा तो कारभार होता. पुढे पत्र्याचा बंद डबा आला. वायसरला तेलाचे बोट लावायचे, डबा हाताने फिरवायचा आणि वायसर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा द्यायचा. आता कंपन्यांनी पुन्हा भांड्यातला सुटा कागद आणला आहे, फक्त भांडे इंजिनाला कायमचे जोडलेले असते. चांगला चाललेला डबा कशासाठी काढला, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

भाई (बी-३०२), ७.४४
अण्णा, एसटीचे फिल्टर इतके उत्तम होते, तर आंबा घाटात उतरून धक्का मारल्याचे मला का आठवते?

अण्णा (ए-१०२), ७.५१
तो बॅटरीचा दोष होता, फिल्टरचा नव्हे. आंब्याच्या रिकाम्या पेट्या अजून पार्किंगमध्ये कोणी रचून ठेवल्या आहेत, हा विषय मी मुद्दाम काढत नाही.

ताई (ए-३०१), ८.१५
अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर देते. पत्र्याचा डबा टाकून देताना पत्रा, रबर, कागद आणि आत राहिलेले तेल असे सगळेच एकत्र जाते आणि ते वेगळे करणे जिकिरीचे असते. सुटा कागद बदलला की कचरा कमी होतो, म्हणून प्रथम युरोपातील कंपन्या आणि मागोमाग इतरही त्याकडे वळल्या. तरी सर्वांनी डबा सोडलेला नाही. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनाला पत्र्याचा डबाच असतो, तर स्विफ्ट आणि डिझायरमध्ये वर्षानुवर्षे आलेल्या फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात सुटा कागद असतो.

खरा बदल आत झाला आहे. १९२३ च्या सुमारास मोटारींना फिल्टर बसू लागले तेव्हा पंपातून निघालेल्या तेलाचा थोडासाच भाग त्यातून जात असे. आज सगळे तेल आधी फिल्टरमधून जाते आणि मगच बेअरिंगपर्यंत पोहोचते. कागदात कृत्रिम तंतू मिसळतात किंवा तो पूर्णच त्यांचा असतो, त्यामुळे तो अधिक बारीक कण धरतो आणि १०,००० किलोमीटरपर्यंत टिकतो. टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) बेअरिंग आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा यांच्या तेलाच्या वाटा अरुंद असतात, आणि पूर्वीच्या २०डब्ल्यू-४० तेलाच्या जागी नव्या पेट्रोल गाड्यांत ०डब्ल्यू-२० सारखे पातळ तेल आले आहे. अशा इंजिनाला गाळणीतली हयगय सोसत नाही.

माई (बी-२०१), ८.२०
माहितीबद्दल ताईंचे आभार. विहिरीजवळचा तवंग अजून तसाच आहे.

वहिनी (ए-२०३), ८.३२
ताई, माझ्या ॲक्टिवाचा फिल्टर कधी बदलायचा असतो? गॅरेजवाल्याने तर कधी विषयच काढला नाही.

ताई (ए-३०१), ८.३६
वहिनी, त्यात कागदी फिल्टर नसतोच. तेलासाठी बारीक जाळी असते, ती साफ करून परत बसवतात. म्हणूनच स्कूटरचे तेल वेळच्या वेळी बदलणे महत्त्वाचे ठरते.

दादा (सी-३०१), ८.४०
पत्र्याच्या डब्याचे एवढे कौतुक चालले आहे म्हणून सांगतो. मिऱ्याला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या गाडीचा डबा खाऱ्या वाऱ्याने गंजून पापुद्रे सुटला होता. आपल्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे झाकण निदान गंजत तरी नाही.

अण्णा (ए-१०२), ८.५५
हे मान्य आहे. गंजत नाही, पण पान्याने वाजवीपेक्षा जास्त आवळले की तडकते. अशा झाकणावर किती जोर लावायचा ते बहुधा कोरलेले असते, बऱ्याच ठिकाणी २५ न्यूटन-मीटर, आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. आपल्याकडे सर्रास हाताच्या अंदाजाने आवळतात. दादांची हरकत नसेल तर दुपारी बॉनेट उघडून पाहतो.

भाई (बी-३०२), ९.०२
सर्वांनी विजेची गाडी घ्यावी, म्हणजे तेल नाही, फिल्टर नाही आणि माईंचा संदेशही नाही.

ताई (ए-३०१), ९.१०
इंजिन ऑइल नसते हे खरे, पण काही विजेच्या गाड्यांच्या गिअरमध्येही तेल असते आणि त्याला छोटा फिल्टर असतो.

माई (बी-२०१), ९.१२
भाई, विहीर तुम्हीही वापरता. तवंग अजून तसाच आहे.

सचिव, ९.३०
सर्वांना विनंती आहे की डागावर पाण्याचा पाइप मारू नये, त्याने तेल उलट पसरते. वखारीतून लाकडाचा भुसा मागवला आहे. वापरलेले इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. त्यामुळे यापुढे आवारात कोणीही तेल बदलू नये.

दादा (सी-३०१), ९.३३
तेल मी आवारात बदललेले नाही, हे कृपया नोंदवावे.

अण्णा (ए-१०२), दुपारी ४.४५
दादांच्या समक्ष झाकण उघडले. तडा नाही. गळती झाकणाच्या काठावरूनच होत होती, कारण ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) चपटी होऊन कडक झाली आहे आणि नखाने दाबली तर परत उठत नाही. नवी ओ-रिंग फिल्टरच्या खोक्यातच येते. तेव्हा बिलात फिल्टर लावलेला असताना झाकणावर जुनी ओ-रिंग कशी, याचे उत्तर गॅरेजवाल्याने द्यायला हवे. आतला कागदही काळाकुट्ट आहे.

ताई (ए-३०१), ४.५२
रंगावरून ठरवू नये. डिझेलमध्ये नवे तेलही काही दिवसांतच काळे होते. कागदाच्या घड्या कशा आहेत?

अण्णा (ए-१०२), ४.५८
लाटांसारख्या वाकल्या आहेत आणि दोन ठिकाणी एकमेकींना चिकटल्या आहेत. आठवडाभर चाललेला कागद असा दिसत नाही. माझ्या मते गॅरेजमध्ये झाकण उघडले, हवेने फुंकले आणि तोच फिल्टर परत बसवला. पत्र्याच्या डब्याच्या वेळी नवा रंग बाहेरून दिसायचा, गिऱ्हाइकाला बॉनेट उघडून खात्री करता यायची. आता सगळे झाकणाखाली असते, हा या नव्या पद्धतीचा मोठा तोटा आहे.

ताई (ए-३०१), ५.०४
आणि नुसता तेल गळण्यापुरता हा प्रश्न नाही. फिल्टर तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन कोरडे पडू नये म्हणून न गाळलेलेच तेल पुढे सोडतो. डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा दाब दाखवतो, तेलाची स्वच्छता नाही, त्यामुळे चालकाला काहीच कळत नाही.

वहिनी (ए-२०३), ५.१०
मग गाडी देणाऱ्याने करायचे तरी काय?

अण्णा (ए-१०२), ५.१६
काम समोर उभे राहून करून घ्यावे. ते शक्य नसेल तर जुना फिल्टर आणि जुनी ओ-रिंग खोक्यात घालून परत मागावी, आणि खोक्यावरचा नंबर बिलाशी ताडून पाहावा.

दादा (सी-३०१), ५.३०
नवा फिल्टर मारुती मंदिराजवळच्या दुकानातून आणला आहे, अण्णा उद्या सकाळी टॉर्क पान्याने बसवून देणार आहेत. गॅरेजमध्ये जुना फिल्टर घेऊनच जाणार आहे. भुशाचा खर्च मी देईन, परंतु गेल्या वर्षीचा खर्चही माझ्या नावावर लावला होता, तो आधी वजा करावा.

सचिव, ५.३८
तो विषय मासिक सभेत घेऊ. मात्र आवारात काम न करण्याचा नियम अण्णांनाही लागू आहे.

अण्णा (ए-१०२), ५.४१
मग भुसासुद्धा आवाराबाहेरच टाकावा.

माई (बी-२०१), ५.४४
भुसा आधी विहिरीच्या बाजूला टाकावा, ही विनंती.